व्हीसॅम फायली डीबीटूमध्ये न्यायच्यात पण कोबोलला हात लावायचा नाहीये, कुणी केलंय का?

हिंजवडीचा_पाहुणा:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचा क्लायंट अमेरिकेतली एक विमा कंपनी आहे, नाव विचारू नका. सगळं झेडओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर, प्रोग्रॅम कोबोल भाषेत, ऑनलाइन व्यवहार सीआयसीएसवर, डेटा व्हीसॅम पद्धतीच्या फायलींमध्ये. मुख्य फाईल पॉलिसी मास्टर, केएसडीएस म्हणजे कीच्या क्रमाने ठेवलेली, रेकॉर्ड ६५० बाइटचं आणि साधारण ६० लाख रेकॉर्ड. म्हणजे फाईल ४ जीबीच्या काठावर येऊन बसलीये आणि तिकडचे लोक घाबरलेत की एक दिवस ती भरणार आणि ऑनलाइन झोपणार. त्यातच त्यांच्या अ‍ॅनालिटिक्सवाल्यांना पॉलिसीच्या डेटावर सरळ एसक्यूएल मारायचंय, आत्ता एकेका रिपोर्टसाठी आमच्याकडे रिक्वेस्ट येते, आम्ही ईझीट्रीव्हमध्ये रिपोर्टचा प्रोग्रॅम लिहून देतो, त्याला चार दिवस जातात.

तर वरून हुकूम आलाय की डेटा डीबीटूमध्ये, म्हणजे आयबीएमच्या टेबलवाल्या डेटाबेसमध्ये, न्या पण प्रोग्रॅम बदलू नका. ही फाईल वापरणारे ३००च्या वर प्रोग्रॅम आहेत आणि त्यातल्या ११ प्रोग्रॅमचा सोर्सच सापडत नाही, नुसतं लोड मॉड्यूल, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम आहे, म्हणजे बदला म्हटलं तरी बदलणार काय. मॅनेजरनी स्लाइड केलीये, मोठ्या अक्षरात 'झिरो कोड चेंज'. आयबीएमचं सीआयसीएस व्हीसॅम ट्रान्स्परन्सी म्हणून प्रॉडक्ट आहे ते बघायचं ठरतंय, ते म्हणे प्रोग्रॅमच्या रीड-राईट कॉल मधल्यामध्ये पकडतं आणि टेबलाकडे वळवतं, प्रोग्रॅमला पत्ताच लागत नाही.

मला विचारायचंय की हे प्रत्यक्षात चालतं का. बॅचचं काय होतं? आमची बॅच तिकडे रात्री १० ते पहाटे ५, म्हणजे इथे उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते दुपारी अडीच, आणि ती आत्ताच कशीबशी बसते. आणि ज्यांनी केलंय ते कुठे अडकले तेवढं सांगा, ब्रोशर मी वाचलंय.

नवखा_मुलुंडचा:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्याकडे पण हेच येणारे असं कँटीनमध्ये ऐकलं.

ग्रीनस्क्रीन_काका:

पाहुण्या, मी हे दोनदा केलंय, एकदा पुण्यात बसून आणि एकदा इकडे कनेक्टिकटमध्ये, दोन्हीकडे विमाच. तर चालतं. पण तुझ्या मॅनेजरला सांग की स्लाइडवर 'कोड' आहे तिथपर्यंत ठीक, 'झिरो' हा शब्द काढ.

मधला थर करतो काय ते आधी बघ. तुझ्या कॉपीबुकवरून, म्हणजे रेकॉर्डमध्ये कुठला फील्ड कुठे ते सांगणाऱ्या कोबोलच्या तुकड्यावरून, तू त्याला मॅपिंग देतोस, कुठला फील्ड कुठल्या कॉलममध्ये. त्यावरून तो त्या फाईलसाठी एक मॉड्यूल तयार करतो. प्रोग्रॅमने की देऊन रीड मारला की मॉड्यूल सिलेक्ट करतं, कॉलम गोळा करून पुन्हा ते ६५० बाइटचं रेकॉर्ड बांधतं आणि प्रोग्रॅमच्या हातात देतं. एसक्यूएलकोड +१०० (रो सापडली नाही) आला तर तो फाईल स्टेटस २३ करून देतो, -८०३ (ती की आधीच आहे) आला तर २२. इथपर्यंत सगळं गोड आहे आणि डेमोमध्ये एवढंच दाखवतात.

गोची आहे ती डेटात. आपल्याला वाटतं कॉपीबुक म्हणजे फाईलचा नकाशा. अरे कॉपीबुक म्हणजे ज्याने पहिल्यांदा फाईल बनवली त्याची इच्छा! त्यानंतर पंचवीस तीस वर्षं लोकांनी त्यात काय काय कोंबलंय ते फाईल उघडल्याशिवाय कळत नाही.

माझं पहिलं उदाहरण. प्रीमियमचा फील्ड, एस९(७)व्ही९९ कॉम्प-थ्री, म्हणजे एका बाइटात दोन आकडे बसवलेला पॅक्ड फील्ड, ५ बाइट. लोड चालवला तर सव्वा लाख रेकॉर्ड डीबीटूनी फेकून दिली. हेक्स लावून बघितलं तर तिथे ४० ४० ४० ४० ४०. म्हणजे एबसिडिकमधली, मेनफ्रेमच्या अक्षरांच्या कोडातली, पाच स्पेस! कुणीतरी कधीकाळी नवीन रेकॉर्ड टाकताना ग्रुपवर मूव्ह स्पेसेस केलं आणि प्रीमियम भरलाच नाही, कारण त्या प्रकारच्या पॉलिसीला प्रीमियम नव्हताच. पॅक्ड फील्डच्या शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह लागतं, तिथे शून्य चालत नाही. मग इतकी वर्षं सॉक-सेव्हन, म्हणजे आकड्याच्या जागी कचरा असल्याचा एरर, का आला नाही? कारण त्या पॉलिसींवर कुणी बेरीज वजाबाकी केलीच नाही, रेकॉर्ड नुसतं इकडून तिकडे सरकवत राहिले. व्हीसॅमला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला बाइट कळतात. डीबीटूला डेसिमल कॉलममध्ये आकडाच लागतो.

बरं, त्याला नल (म्हणजे किंमतच नाही) करून टाक म्हणशील किंवा शून्य. शून्य केलंस तर परत बांधलेलं रेकॉर्ड आधीसारखं राहत नाही. आमच्याकडे एक प्रोग्रॅम 'प्रीमियम इक्वल टू स्पेसेस' असं बघत होता, ग्रुप लेव्हलला, रीडिफाईन्स करून, म्हणजे त्याच बाइटना दुसरी व्याख्या देऊन. त्याचा धंदाच त्या कचऱ्यावर चालला होता. मग आम्ही नल ठेवलं आणि थरातल्या एक्झिटमध्ये, म्हणजे आपला कोड घालायच्या जागेत, लिहिलं की नल असेल तर पाच स्पेस परत दे. तो एक्झिट म्हणजे कोडच ना? असा कोड आम्ही एका फाईलसाठी १४ ठिकाणी लिहिला. प्रोग्रॅम बदलले नाहीत हे खरं, पण काम गेलं कुठे तर थरात.

तारखा वेगळ्याच. ००००००००, ९९९९९९९९, ३१ जून, सगळं मिळेल. डेट कॉलमला ९९९९-१२-३१ चालतं पण ९९ महिना नाही चालत. शिवाय वायटूकेला, म्हणजे साल २०००च्या वेळी, ज्यांनी फील्ड न वाढवता विंडोइंग केलं त्यांच्या फायलीत अजून दोन आकडी वर्ष आहे, ५०च्या खाली असेल तर २०००, वर असेल तर १९००. तो पिव्हट कुठल्या प्रोग्रॅममध्ये ५० आहे आणि कुठल्या प्रोग्रॅममध्ये ३० हे आधी तपास. टेबलात गेल्यावर एकच उत्तर चालणार.

आणि फिलर! फिलर सोडून देऊ नकोस बाबा. कॉपीबुकमध्ये फिलर ४० बाइट लिहिलंय म्हणजे रिकामं आहे असं नाही, दुसऱ्या कुठल्यातरी टीमच्या कॉपीबुकमध्ये त्याच जागेला नाव आहे. मी तर सरळ कॅरेक्टर फॉर बिट डेटाचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे ठेवणारा, कॉलम करून ठेवतो, दिसायला घाण दिसतं पण रात्री झोप लागते.

आता जेवायला जातो, बाकी नंतर.

हिंजवडीचा_पाहुणा:

काका, बाप रे. मी तुमचं वाचून लगेच आमच्या फाईलचं पहिलं रेकॉर्ड काढून बघितलं, टेस्टमधलं. की सगळी शून्य आहे आणि आत एक नंबर आणि तारीख. हे काय असावं?

ग्रीनस्क्रीन_काका:

हाहा, सापडलं का! ते कंट्रोल रेकॉर्ड. नवीन पॉलिसीला नंबर द्यायचा असेल तर प्रोग्रॅम ते रेकॉर्ड वाचतो, नंबर एकने वाढवतो, परत लिहितो. त्यावेळी आपोआप नंबर देणारं सीक्वेन्स वगैरे काही नव्हतं ना, फाईलच्याच डोक्यावर बसवून दिलं. ते पॉलिसीच्या टेबलात गेलं की अ‍ॅनालिटिक्सवाल्यांना एक पॉलिसी दिसणार जिचा ग्राहक नाही, प्रीमियम नाही आणि सुरू झाल्याची तारीख काल. आणि दुसरं म्हणजे डीबीटूमध्ये ती रो सगळ्यांचं लॉकिंगचं, म्हणजे एकमेकांसाठी थांबायचं, ठिकाण होणार, पण ते ऐरोलीच्या ताई जास्त चांगलं सांगतील, त्या आहेत इथे.

ऐरोली_डीबीए:

आहे आहे, काकांनी हाक मारली म्हणून लिहिते, एरवी नुसती वाचत असते.

पाहुणे, डेटाचं काकांनी सांगितलं, मी लॉकचं सांगते, कारण आमच्याकडे डेटा तीन महिन्यात साफ झाला आणि लॉकने सहा महिने खाल्ले.

व्हीसॅमवरच्या बॅच प्रोग्रॅममध्ये कमिट, म्हणजे झालेले बदल पक्के करणं, ही गोष्टच नसते. रात्री सीईएमटी कमांडने ऑनलाइनकडची फाईल क्लोज करायची, रेप्रो कमांडने कॉपी घ्यायची, प्रोग्रॅम सुरू करायचा, मध्ये मेला तर कॉपी परत टाकायची आणि पहिल्यापासून. हा सगळा संसार 'फाईल माझ्या एकटीची आहे' या गृहीतावर उभा आहे. आता तोच प्रोग्रॅम न बदलता टेबलावर चालवलात तर तो लाखो रो बदलणार आणि एकदाही कमिट करणार नाही. लॉक साठत जातात, मग एस्कलेशन होऊन अख्खं टेबलस्पेस लॉक, किंवा एका युजरला जितके लॉक परवानगी आहेत ते संपून -९०४ एरर. आणि समजा चार तासांनी मेला तर रोलबॅक, म्हणजे केलेले सगळे बदल उलटे फिरवणं. तो रोलबॅक बघत बसायचा, दुसरं काही हातात नसतं. आमचा एकदा चालू असताना क्लायंटकडची बाई दर वीस मिनिटांनी फोन करून विचारत होती झालं का, आणि इथे दुपारचा एक वाजलेला, कोणी डबा उघडला नाही.

मग थराला सांगता येतं की दर इतक्या अपडेटनंतर कमिट कर. आम्ही ५०० ठेवलं. झालं का काम? नाही. आता मध्ये मेला तर निम्मं कमिट झालेलंय आणि रीस्टार्ट तर पहिल्यापासूनच लिहिलाय, कारण प्रोग्रॅमला कुठे थांबलो ते माहीतच नाही. व्याज लावणारा प्रोग्रॅम असेल तर निम्म्या लोकांना दोनदा व्याज. तेव्हा बॅचच्या आधी टेबलाची इमेज कॉपी आणि मेला तर रिकव्हर, हे रेप्रोच्या जागी आलं. शिवाय कमिट केल्यावर कर्सर, म्हणजे टेबलात कुठपर्यंत वाचलं ती खूण, बंद होतो, तो विथ होल्ड (कमिटनंतरही उघडा राहणारा) लागतो, नाहीतर पुढचा रीड नेक्स्ट आपटतो. प्रॉडक्टमध्ये हे असतं पण सेटिंग बघून घ्या.

एक बारीक गोष्ट, हिच्यावर आमचे दोन आठवडे गेले. प्रोग्रॅमनी फाईल आय-ओ मोडमध्ये, म्हणजे वाचायला आणि लिहायला दोन्हीला, उघडलेली असते. तो रीड करतो तेव्हा तो नंतर रीराईट करणार आहे का हे थराला कळायला मार्ग नाही. म्हणून थर बिचारा प्रत्येक रीडला अपडेटच्या तयारीने जातो. आमच्याकडे एक प्रोग्रॅम सगळी फाईल वाचायचा आणि शंभरातल्या एका रेकॉर्डला हात लावायचा, तरी लॉक सगळ्यांवर घेत जायचा. ऑनलाइनवाल्यांना -९११ (लॉकमध्ये अडकल्याचा एरर) आणि स्क्रीनवर काहीतरी भलताच मेसेज, कारण व्हीसॅमच्या काळात हा एरर नव्हताच तर प्रोग्रॅममध्ये त्याचा विचार कुठून असणार, तो गेला 'अदर' मध्ये आणि छापलं 'फाईल नॉट अव्हेलेबल'. हेल्पडेस्कवर फोनची रांग.

आणि वेळ. व्हीसॅम सीक्वेन्शियल वाचतं तेव्हा एका दमात बफर भरून घेतं. थर एकेक रो फेच करत बसला तर प्रत्येक रोला डीबीटूची फेरी. आमचा ४० मिनिटांचा जॉब पहिल्या दिवशी पाच तास चालला. मग मल्टिरो फेच, एका वेळी १०० रो, आणि टेबल कीच्या क्रमाने रीऑर्ग, म्हणजे परत लावून घेणं, तेव्हा कुठे तो सत्तर मिनिटांवर आला. चाळीसवर परत कधीच आला नाही, हे आधीच क्लायंटला सांगून ठेवा. सीपीयू पण वाढतो आणि मेनफ्रेमवर सीपीयू म्हणजे बिल.

की किती फील्डची आहे तुमची? एकच असेल तर सुखी आहात. शाखा, पॉलिसी, अनुक्रम अशी तीन कॉलममध्ये फोडलीत तर 'या कीपासून पुढे' याचं एसक्यूएल होतं: शाखा मोठी, किंवा शाखा तीच आणि पॉलिसी मोठी, किंवा दोन्ही त्याच आणि अनुक्रम मोठा. एसक्यूएल कसं चालवायचं ते ठरवणाऱ्या जुन्या ऑप्टिमायझरला हे बघून घाम फुटायचा. डीबीटू १२ मध्ये, म्हणजे २०१६ पासून, तिन्ही कॉलम एका कंसात टाकून एकदम तुलना करता येते, पण तुमचा थर तसं एसक्यूएल बनवतो का हे विचारा त्यांना. डेमोत नाही विचारलंत तर कुणी आपणहून सांगणार नाही.

कोकणस्थ_बिट्स:

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. करायचंच कशाला?

४ जीबीची भीती आहे ना? ती हद्द साध्या व्हीसॅमची आहे. फाईल एक्स्टेंडेड फॉरमॅटमध्ये, एक्स्टेंडेड अ‍ॅड्रेसेबिलिटीवाल्या डेटा क्लासने डिफाईन करा, म्हणजे ती ४ जीबीच्या पुढे वाढू शकते, कीने वाचणाऱ्या प्रोग्रॅमला काही फरक पडत नाही, रविवारी दोन तासांचं काम आहे. त्यासाठी वर्षाचं प्रोजेक्ट म्हणजे डास मारायला तोफ.

राहिला एसक्यूएलचा प्रश्न. त्यांना वाचायचंच आहे ना, लिहायचं नाही? मग रोज रात्री बॅच संपली की फाईल उतरवा आणि रिपोर्टिंगच्या टेबलात भरा. ताजं हवं असेल तर सीआयसीएसच्या लॉगवरून बदल उचलून पाठवणारी टूल्स आहेत, फक्त बॅचने केलेले बदल त्या लॉगमध्ये आपोआप येत नाहीत तेवढी सोय वेगळी बघावी लागते. मूळ फाईल आहे तिथेच, प्रोग्रॅम आहेत तसेच. चुकलात तर रिपोर्ट चुकेल, कंपनी बंद पडणार नाही.

हे सुचवलं की सगळे गप्प होतात कारण यात मोठं बिल होत नाही, असं आपलं माझं मत. आयबीएमनी स्वतः डीबीटू १९८३ मध्ये जाहीर केलं, रिलेशनलवरचा, म्हणजे टेबलवाल्या डेटाबेसवरचा, एडगर कॉडचा पेपर तर १९७०चा, तोही आयबीएममध्येच नोकरीला असताना लिहिलेला. चाळीस वर्षं झाली तरी त्यांचीच गिऱ्हाइकं व्हीसॅमवर आहेत, ते काय सगळे वेडे आहेत?

ग्रीनस्क्रीन_काका:

बिट्सराव, वेडे नाहीत पण तिथले जे शहाणे होते ते रिटायर होतायत, हा मुद्दा राहिला तुमचा. रिपोर्टिंगपुरतं असेल तर तुमच्याशी १०० टक्के सहमत. पण पुढेमागे नवीन काही जावामध्ये लिहायचं असेल आणि त्याला त्याच पॉलिसीवर *लिहायचं* असेल तर कॉपीवर भागत नाही, मूळच टेबलात लागतं. पाहुण्याने हे विचारून घ्यावं क्लायंटला. आम्हाला दुसऱ्या वेळी तेच कारण होतं.

नाइटशिफ्ट_मगरपट्टा:

मी प्रोग्रॅमर नाही, प्रोडक्शन कंट्रोलला आहे, जेसीएल (बॅच जॉब चालवायच्या सूचना) आणि शेड्यूल बघतो. तुम्ही सगळे प्रोग्रॅम प्रोग्रॅम करताय पण फाईलला प्रोग्रॅमच हात लावतात असं कोणी सांगितलं?

आमच्याकडे अशीच मायग्रेशन झाली, कोबोल सगळं टेस्ट झालं होतं, गो-लाइव्हच्या पहिल्या रात्री सॉर्ट युटिलिटीचा स्टेप आला. सॉर्ट फाईल थेट वाचतं, जेसीएलमध्ये फाईलचं नाव देणाऱ्या डीडी स्टेटमेंटवरून. मधल्या थराने कोबोलचे कॉल पकडायचे ठरवलेलं, सॉर्ट त्याच्या वाटेला जातच नाही. तर सॉर्टने जुनी व्हीसॅम फाईल वाचली, जी शनिवारपासून कोणी अपडेट केली नव्हती पण डिलीट पण केली नव्हती, 'असू दे बॅकअपला' म्हणून. रिटर्न कोड शून्य. सगळे जॉब हिरवे. शनिवारच्या डेटावरून सोमवारची पत्रं छापायला गेली. सकाळी कळलं, म्हणजे तिकडच्या सकाळी.

तेव्हा जेसीएलमध्ये त्या डेटासेटचं नाव शोधा. प्रॉक, कंट्रोल कार्ड, सगळीकडे. फाईल थेट वाचणारं सगळं: सॉर्ट, आयडीकॅम्स, ईझीट्रीव्ह, सॅस, एफटीपी. आम्हाला ६३ स्टेप सापडले. त्यांच्या आधी टेबल अनलोड करून सपाट फाईल देणारा स्टेप घातला. आणि कटओव्हरला जुन्या फाईलचं नाव बदला. नाव बदललेलं असतं तर सॉर्ट पहिल्या सेकंदाला जेसीएल एररने पडलं असतं आणि मी झोपलो असतो.

ऐरोली_डीबीए:

+१. नाव बदला हे भिंतीवर लिहून ठेवा.

अजून एक आठवलं. डीबीटू झालं की मॅनेजर लोक म्हणतात आता बॅच चालू असताना ऑनलाइन पण चालू ठेवू, बॅच विंडोच नको. ऐकायला छान आहे. पण बॅचचा पहिला प्रोग्रॅम एकूण पॉलिसी आणि एकूण रक्कम मोजून ठेवतो आणि शेवटचा प्रोग्रॅम ती परत मोजून ताडून बघतो. मध्ये कोणी ऑनलाइनवरून एक पॉलिसी टाकली की बेरीज जुळत नाही आणि बॅच स्वतःला थांबवते, म्हणजे चूक कुणाचीच नाही आणि तरी बंद. पहिले सहा महिने तरी रात्री ऑनलाइन बंदच ठेवा, जसं होतं तसं.

बेंगळूरुतला_सांगलीकर:

आमचं प्रकरण थोडं वेगळं होतं, आम्ही मेनफ्रेमच सोडली. कोबोल लिनक्सवर परत कंपाइल केलं आणि डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. वापरलं ते मायक्रो फोकस कंपनीचं कोबोल, २०२३ मध्ये ते ओपनटेक्स्टचं झालं आणि २०२४ मध्ये तो धंदा रॉकेटकडे गेला, म्हणजे प्रोजेक्ट एक आणि सपोर्टच्या ईमेलच्या सह्या तीन वेगवेगळ्या. तिथे पण फाईल हँडलर, म्हणजे फाईल वाचणारा-लिहिणारा भाग, बदलता येतो, प्रोग्रॅम तसाच राहतो.

एक धडा सांगतो. एबसिडिकमध्ये आधी छोटी अक्षरं, मग मोठी, मग आकडे. अ‍ॅस्कीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या कोडात, आधी आकडे. आमचे एजंट कोड काही 'ए१२' असे आणि काही '४०७' असे. मेनफ्रेमवर रिपोर्टमध्ये ए-वाले वर यायचे, लिनक्सवर आकडेवाले वर. तुम्ही म्हणाल मग काय बिघडलं, क्रमच तर आहे. पण एक प्रोग्रॅम दोन फायली समोरासमोर ठेवून कीने मॅच करत जायचा, एक फाईल नवीन क्रमाने आलेली आणि दुसरी तिकडून भागीदार कंपनीकडून जुन्या क्रमाने. दोन्हीचा मेळ बसेना, अर्धे एजंट 'नॉट फाउंड', त्यांचं कमिशन शून्य. एजंटचं कमिशन शून्य झालं की आयटीवाल्याला देवसुद्धा वाचवत नाही.

आम्ही शेवटी टेबलात एक जादा कॉलम ठेवला, त्यात कीचे एबसिडिक बाइट जसेच्या तसे, आणि हँडलरची ऑर्डर बाय त्याच्यावर. पाहुण्याचं डीबीटू झेडओएसवरच राहणारे त्यामुळे टेबल एबसिडिकमध्ये ठेवलं तर हा ताप नाही. युनिकोड टेबल करायचा मोह कुणाला झाला तर मात्र हेच सगळं परत.

आणि एक, काही हँडलर रेकॉर्ड फोडतच नाहीत, की वेगळी आणि बाकी अख्खं रेकॉर्ड एका बाइनरी कॉलममध्ये. मायग्रेशन महिन्यात होते, काकांनी सांगितलेला एकही त्रास होत नाही कारण कचरा जसाच्या तसा आत जातो. पण मग एसक्यूएल मारून मिळणार काय, हेक्स! 'डेटा आता रिलेशनल आहे' असं प्रेझेंटेशन मी स्वतः ऐकलंय अशा टेबलाबद्दल.

नवखा_मुलुंडचा:

एक बाळबोध प्रश्न. एका फाईलीत तीन प्रकारची रेकॉर्ड असतील, रीडिफाईन्सवाली, तर एक टेबल करायचं का तीन?

ग्रीनस्क्रीन_काका:

तीन केलीस तर सुंदर दिसेल आणि रीड नेक्स्टला मार खाशील, कारण प्रोग्रॅमला तिन्ही प्रकार कीच्या क्रमाने एकात एक मिसळून हवी असतात, म्हणजे तीन टेबलांचा युनियन, तिन्ही एकत्र करणं, दर वेळी. एक केलंस तर निम्मे कॉलम नल. मी फाईल बघून ठरवतो: क्रमाने वाचणारे प्रोग्रॅम जास्त असतील तर एक, आणि वर तीन व्ह्यू करून अ‍ॅनालिटिक्सला द्यायचे, त्यांना काय कळतंय खाली एक आहे का तीन.

हिंजवडीचा_पाहुणा:

मंडळी, अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय. जेवढं झालंय ते सांगतो.

बिट्सरावांचं ऐकलं, फाईल आधी एक्स्टेंडेड केली, त्यामुळे घाई संपली. क्लायंटला विचारलं लिहायचंय का वाचायचंय, तर उत्तर आलं 'आत्ता वाचायचंय, पुढच्या वर्षी लिहायचंय', म्हणजे दोन्ही. मग पॉलिसी मास्टर बाजूला ठेवून एजंटची छोटी फाईल आधी घेतली. थराचा दुहेरी मोड लावलाय, प्रत्येक राईट व्हीसॅममध्ये पण आणि टेबलात पण, आणि रोज बॅचनंतर टेबल परत जुन्या रेकॉर्डच्या साच्यात उतरवून फाईलशी बाइट टू बाइट ताडून बघतो. पहिल्या दिवशी ४१ हजारांपैकी ९ हजार जुळली नाहीत. काका, तुमचा फिलर. त्या फिलरमध्ये एजंटचा जुना टेलेक्स नंबर होता! आज दहा दिवस झाले, सगळी जुळतायत.

मगरपट्टाभाऊ, जेसीएलमध्ये २२ जागा सापडल्या, शिवाय एक एफटीपी, जो कोणासाठी जातो ते पलीकडचं कोणीच सांगू शकलं नाही. तो चालू ठेवलाय.

ताई, तो शून्य कीवाला कंट्रोल रेकॉर्ड पॉलिसी मास्टरमध्ये आहे, त्याचं अजून ठरत नाहीये. सगळ्या नवीन पॉलिसी तिथे थांबणार ना?

ऐरोली_डीबीए:

थांबणारच. आम्ही ती एक रो वेगळ्या छोट्या टेबलात नेली, एक्झिटमध्ये बघायचं की शून्य असेल तर तिकडे जा. रो लेव्हल लॉकिंग, त्या टेबलात दुसरं काही नाही. आणि कुठला ऑनलाइन प्रोग्रॅम ती रीड अपडेटने धरून मग बाकीची व्हॅलिडेशन करत बसतो ते शोधा, आमच्याकडे दोन होते. त्यातल्या एकाचा सोर्स नव्हता.

हिंजवडीचा_पाहुणा:

मग काय केलंत त्याचं?

ऐरोली_डीबीए:

अजून तसाच आहे. महिनाअखेरीला दोघीजणी स्क्रीनसमोर बसतो, लॉक टाइमआउट आला की ट्रान्झॅक्शन परत मारायला सांगतो.